लसूण-मिरचीचं पाणी

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बचत गटाच्या बैठकीत मी बोलायला उठले की बाकीच्या बाया आधीच पदराआड हसायला लागतात. तर त्या वर्षी माझं डोकं तापलं ते एका बारीकशा किड्यावर. मावा. वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर तो असा गच्च बसला होता की हात लावला तर बोटं चिकट व्हायची. वांग्याचे शेंडे अळीनं पोखरून माना टाकलेले. आणि भेदरं, म्हणजे आमच्याकडचे गावरान टमाटे, पिकायच्या आधीच भोकं पडून गळत होती. गडचांदूरकडे चुनखडीचे ट्रक जातात त्या रस्त्याला लागून आमचं घर, मागं ही वाडी. पानांवर ट्रकांची पांढरी धूळ कायम बसलेली. मला वाटायचं, किडे ह्या धुळीनं तरी गुदमरतील. कसले गुदमरतात!

खरं म्हणजे वाडी माझी नव्हतीच, आमच्या घरच्यांची, म्हणजे नवऱ्याची होती. मी आपली भाजी तोडायला जायची. कोणत्या वेलाला मांडव पाहिजे, कोणत्या वाफ्यात शेणखत कमी पडलं, सगळं त्यांच्या डोक्यात. सकाळी चहाचा कप घेऊन जायचे आणि कप तिथंच विसरून यायचे. मी रोज बोंब मारायची आणि ते रोज विसरायचे.

मग ती फवारणी झाली. हे दुसऱ्याच्या कपाशीत मजुरीनं औषध मारायला गेले होते. आमच्याकडं जहरालाही औषधच म्हणतात. कपाशी छातीला लागलेली, हवा कोंडलेली, पाठीवर पंप. दुपारी दोघांनी धरून त्यांना घरी आणलं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ गळत होती. म्हणाले, "मले तू अंधुक दिसून राह्यली." चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, आणि माझं नशीब म्हणून तिथून परत आले.

परत आले, जेवायला लागले, रस्त्याच्या कामावर जायला लागले. पण वाडीत पाय टाकेनात. मागच्या दाराच्या उंबरठ्यापर्यंत यायचे, उभे राहायचे, आणि फिरायचे. लांब कुणाच्या शेतात पंप सुरू झाला की दारं-खिडक्या लावून आत बसायचे, भर उकाड्यात. मी समजावलं, चिडवलं, रागावले. एकदा तर मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, "असं भेऊन भेऊन कुठवर जगाल?" त्यांनी जेवणाचं ताट सरकवलं आणि उठून गेले. मग मला वाईट वाटलं, पण शब्द काही परत घेता येत नाहीत.

वांग्यांचं मला काय करायचं होतं? वांगी बाजारात मिळतात. मला माझा माणूस वाडीत परत पाहिजे होता. आणि ह्या किड्यांनी वाडीच खाऊन टाकली, तर उद्या त्यांना यावंसं वाटलं तरी यायचं कुठं?

दुकानातलं औषध घरात आणायचा प्रश्नच नव्हता. त्या सुमारास बचत गटात एक ताई आली होती. तिनं घरच्या घरी करायचं शिकवलं. वाळक्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या. लसूण आणि लवंगी मिरच्या पाट्यावर वाटून त्यात घालायच्या. फडक्यानं गाळायचं, आणि पानावर पाणी टिकावं म्हणून कपड्याचा साबण थोडा किसून टाकायचा. मारताना मात्र भरपूर पाणी घालून पातळ करायचं, नाही तर पानंच जळतात. ताईनं हेही सांगितलं की ह्यानं कीड फार मरत नाही, हटते. पाऊस आला की धुऊन जातं, पुन्हा मारा. मला ते पटलं. मारायचा उत्साह आमच्या घरात कुणाला राहिला नव्हता.

मिरच्या वाटल्यावर माझे हात रात्रभर असे जळले की काय सांगू. सकाळी जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून सगळं बादलीत गाळलं. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला तापल्या सुईनं भोकं पाडली. मी वाडीत बाटली भरायला बसले, तेवढ्यात मागच्या दारात हे येऊन उभे.

"काय करून राह्यली?"

"किड्याचं औषध."

झालं! त्यांचं तोंड पांढरं पडलं. दाराची चौकट धरून म्हणाले, "फेक ते. आत्ताच्या आत्ता फेक."

"अवो, घरचं हाये. लसूण-मिरची हाये."

"वासच येऊन राह्यला मले. फेक म्हणतो ना!"

रात्रभर हात जाळून घेतलेली बाई मी. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "जहर वाटते काय तुमाले? हे पाहा मंग!" आणि बादलीतलं ओंजळभर उचलून तोंडात घातलं. पातळ न केलेलं. निंबोळीचा कडूपणा, लवंगी मिरची आणि वर साबण.

बाप्पा! घशाला आगच लागली. डोळ्यांतून आणि नाकातून धारा सुरू झाल्या. थुंकायला गेले तर तोंडातून फेस. बोलायला गेले तर आवाज नाही, नुसता खोकला. मी हातानं खुणावत होते, काही नाही, काही नाही. पण त्यांना काय दिसत असेल ते मला तेव्हा सुचलंच नाही. पाणी, लाळ आणि फेस. त्यांनी स्वतः भोगलेलं सगळं माझ्या तोंडावर.

ते ओरडत आले. उंबरठ्यावरून, मेथीच्या वाफ्यातून, वालाचा मांडव खांद्यानं पाडत. मला खेचत नेऊन पाण्याच्या ड्रमजवळ बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं, चुळा भरायला लावल्या. मग हनुवटी धरून अंगठ्यानं माझ्या पापण्या वर केल्या आणि डोळ्यांत पाहत राहिले. दवाखान्यात डॉक्टर बॅटरी घेऊन त्यांच्या डोळ्यांत असेच बघायचे. "मी कोण हाये? सांग! माहं नाव सांग!"

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. खोकत खोकत मी त्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव, पुढं काही नाही. मग मला हसू फुटलं.

"हासून राह्यली तू?" ते म्हणाले आणि तुडवलेल्या मेथीत मटकन बसले. ते रडायला लागले. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही. माझं हसू जागीच थांबलं. मी त्यांच्या बाजूला चिखलात बसले आणि त्यांचा हात धरला. माझा हात मिरचीनं अजून जळत होता.

त्यानंतर ते वाडीत यायला लागले. आधी पडलेला मांडव उभा करायला आले, मग असेच. आता दर आठवड्याला मी पाणी करते आणि पातळ करून मारते. मावा थोडा असतोच, पण शेंगा खायला मिळतात. बाटली ते हातात घेत नाहीत, आणि मीही घ्या म्हणत नाही. पण सोबत येतात. वाळकी माती चिमटीत धरून सोडतात, ती कुणीकडं उडते ते पाहतात आणि मला उभं करतात. "वाऱ्याकडं पाठ कर. तोंडाले फडकं बांध. हात धुतल्याबिगर तोंडाले लावू नको." लसणाच्या पाण्याला केवढा हा थाट! परवा माझं डोकं तापलंच. म्हटलं, "एवढं सारं ठावं होतं तुमाले, तर तवा कपाशीत काऊन नाई केलं?"

"तवा ठावं नव्हतं," ते म्हणाले. "दवाखान्यात बाजूच्या खाटेवरच्या भाऊनं सांगतलं. त्याले डॉक्टरनं सांगतलं होतं. रातभर तेच बोलून राह्यला होता. म्हणे, आता घरी गेलो का वाऱ्याकडं पाठ करूनच मारीन, फडकं बांधूनच मारीन."

मला तो माणूस आठवला. सडपातळ, सारखी उशी सरळ करणारा. एका सकाळी त्याची खाट रिकामी दिसली, तेव्हा मीच ह्यांना धीर दिला होता, की बघा, तो बरा होऊन घरी गेला, आता तुम्हीपण जाल.

"तो घरी नाई गेला," ते म्हणाले आणि मातीची चिमूट पुन्हा सोडली. "वारा फिरला. तू इकडं सरक."