वफ्र्याच्या बांधातली बिळं

कुवेतमध्ये, फिंतासच्या आमच्या मराठी मंडळींत आजही बोललं जातं की नाशिककराने वफ्र्याच्या शेतावरचं तळं कच्चं बांधलं, म्हणून ते फुटलं. हे खोटं आहे. त्या बांधात बिळं पडली होती, आणि बिळं पाडणारी जोडी त्या तळ्यात मी सोडली होती.

नाशिककर माझा जुना सहकारी. अहमदीत आम्ही एकाच ऑफिसात होतो. तो मातीकामाचा इंजिनियर, मी मातीच्या चाचण्या घेणारा. पुढे एका कुवेती मालकाने त्याला आपल्या शेतावर ठेवून घेतलं. तिथला बांध त्याने उन्हात उभं राहून, थरावर थर दाबून बांधून घेतला होता. कुणी पाहुणा आला की आधी तो बांध दाखवायचा, मग चहा.

आमचा मुलगा कॅनडाला गेला आणि त्याची माशांची टाकी आमच्या गळ्यात पडली. मासे कधीच मेले होते. उरली होती लाल नांग्यांच्या प्राण्यांची एक जोडी, दुकानदाराने 'लॉब्स्टर' म्हणून विकलेली. दिसायला शेवंडीसारखी, पण शेवंड समुद्रातली आणि हे गोड्या पाण्यातले क्रेफिश. मला तेव्हा एवढंही ठाऊक नव्हतं. टाकी काढायची ठरली तेव्हा श्रावण चालू होता.

"अहो, मारू नका हं त्यांना," बायको म्हणाली. "श्रावणात तरी नको. नाशिककर भावजींच्या तळ्यात सोडा. जगतील बिचारे."

शुक्रवारी बादली घेऊन गेलो. नाशिककर मालकाकडे गेला होता. त्याला विचारावं असं मनातही आलं नाही. जीव वाचवल्याचं समाधान घेऊन परतलो.

ते जगले. पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बांध फुटला आणि काकडीचं अख्खं हरितगृह गाळाखाली गेलं. मातीतलं कळतं म्हणून मालकाने मलाच बोलावलं. फुटलेल्या कडेत मनगट जाईल एवढाली भोकं होती, ओल्या मातीने आतून लिंपल्यासारखी. पायाशी गाळात एक लाल नांगी पडली होती. मी ती बुटाने खाली दाबली. परदेशी प्राणी असा सोडला हे कळलं तर माझा इकामा जाईल, या देशात राहण्याची परवानगीच जाईल, एवढंच डोक्यात होतं.

"कॉम्पॅक्शन कमी पडलं, माती पुरेशी दाबलेली नाही," मी म्हणालो. नाशिककर शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, वाद घातला नाही. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता.

मग घरी बसून वाचत राहिलो. हा प्राणी खेकडा-कोळंबीच्याच दहा पायांच्या गणातला, पण त्याचं कुळ वेगळं. मूळचा मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या दलदलींतला. आपल्याकडे नैसर्गिकरीत्या क्रेफिश नाहीतच. ओढ्याकाठी बिळं करतात ते आपले मुठे, ते खेकडे. बिळं करणाऱ्या क्रेफिशचे अभ्यासक तीन प्रकार मानतात. काही आयुष्यभर बिळातच राहतात, काही पाणी वाढलं की बाहेर पडतात, आणि काही एरवी उघड्या पाण्यात राहून गरजेपुरतंच खणतात. आमची जोडी या शेवटच्यांच्या जवळची. पाणी उतरलं किंवा अंडी सांभाळायची असली की काठात शिरायचं, तोंड चिखलाने बुजवायचं आणि आतल्या ओलीवर महिने काढायचे. वफ्र्याला उन्हाळ्यात सिंचनाला पाणी उपसतात, तळं खाली जातं. मादीच्या पोटाखाली शेकडो अंडी असतात. तळं पुन्हा भरलं की पाणी त्या बिळांतून बांधात शिरणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मालकाने नाशिककराला काढलं. तो खैतानला एका खोलीत तिघांबरोबर राहू लागला. कायमचा परत निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. तो खोक्यांना टेप लावत होता.

"ये पुणेकर. निरोपाचं भाषण आणलंयस की काय?"

मी सगळं सांगितलं. बादली, नांगी, बूट. टेपचा आवाज थांबला.

"बिळं कुठल्या अंगाला होती?"

"पाण्याच्या. उन्हाळ्यातल्या पातळीच्या जरा वर."

"म्हणजे माझं कॉम्पॅक्शन बरोबर होतं."

"होतं."

"आणि तू माझ्या शेजारी उभा राहून..." पुढचं तो बोलला नाही. फोन काढून त्याने नाशिकला मुलाला लावला. मुलगाही सिव्हिल इंजिनियर. "सांग त्याला. गेल्या वर्षी म्हणाला, बाबा, तुम्हाला साधा बांध जमत नाही. इंग्रजीत सांग, रिपोर्टसारखं. मराठीत मीच पढवलंय असं वाटेल."

मी इंग्रजीत सांगितलं. मग पोरगा मराठीतच म्हणाला, "ठीक आहे काका. पण तुम्हाला बाबांनीच बोलायला लावलंय ना?"

फोन स्पीकरवर होता. मी दोनदा "नाही रे, खरंच" म्हटलं, पण तो "बरं, बरं" करत राहिला. नाशिककराने फोन माझ्या हातातून घेतला, बंद केला आणि खोक्याची उरलेली कड चिकटवायला लागला. मला बस म्हणाला नाही. जा असंही म्हणाला नाही.