पनवेल ते कोर्लई, दोन सायकली आणि एक पुडी अक्षता

लग्नाचं कार्ड पोस्टाने आलं आणि आमच्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी नुकतीच बी.कॉम. होऊन पनवेलच्या एका पतपेढीत चिकटले होते. माझे वडील, आप्पा, रसायनीच्या एका कारखान्यात फोरमन होते. कार्ड होतं फ्रान्सिसकाकांच्या लुसीचं. काका मूळचे कोर्लईचे, म्हणजे रेवदंड्याच्या खाडीपलीकडचे, पण नोकरीची सगळी वर्षं आमच्याच गल्लीत भाड्याने राहिले. ते आणि आप्पा एकाच कारखान्यात, रोज सायकलने जोडीने कामाला जायचे. मग काकांनी स्कूटर घेतली. पहिल्याच सकाळी दारात येऊन म्हणाले, "दत्तू, बस मागे." आप्पा म्हणाले, "मी माझ्या पायांवर कामाला जातो," आणि सायकल काढून निघून गेले. तेव्हापासून चार वर्षं अबोला. मधे काका नोकरी सोडून गावी परतले, तेव्हाही आप्पा निरोप द्यायला गेले नाहीत. स्कूटरवरून मैत्री मोडणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आमच्याकडे आमंत्रण म्हणजे माणूस दारात आला पाहिजे, कुंकू लावून हातात अक्षता ठेवल्या पाहिजेत. पोस्टाने येतं ते लांबच्या नातेवाइकांना नुसतं कळवण्यापुरतं. त्यामुळे आप्पा कार्ड उलटंपालटं करून बघत होते. यावर ना "अगत्य येणे", ना सही. हे बोलावणं की नुसतीच बातमी?

"लुसी आपल्या ओट्यावर खेळलेली पोर आहे. जायचं," आई म्हणाली.

"जातो. पण सायकलने जातो."

"एवढ्या लांब? ते का?"

"तो 'ये' म्हणाला नाही, तर हँडल वळवून लगेच निघता येईल. एसटीची वाट बघत त्याच्या गावात तोंड लपवून उभा राहणार नाही मी."

यावर आईने वाद घातला नाही. फक्त माझ्याकडे वळून म्हणाली, "शुभा, तू यांच्याबरोबर जा." मला सायकलचं वेड आप्पांकडूनच आलेलं, त्यामुळे मी वरवर कुरकुर केली आणि त्याच संध्याकाळी ब्रेकची रबरं बदलून आणली.

जानेवारीतली पहाट. आईने दशम्या, लसणीची चटणी आणि गूळ बांधून दिला, शिवाय कुंकवात रंगवलेल्या अक्षतांची एक पुडी. "लग्नाला रिकाम्या हाताने जाऊ नये," ती म्हणाली. आप्पांनी पुडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वर सेफ्टी पिन लावली. आहेराची साडी माझ्या कॅरिअरला.

पळस्पे फाट्यापर्यंत हुडहुडी भरली होती, कर्नाळ्याच्या खिंडीत घाम फुटला. गिअरबिअर काही नव्हतं. चढावर उभं राहून पेडल मारायचं, तेही जमेना तर उतरून ढकलायचं आणि आपण झाडं बघायला उतरलोय असं दाखवायचं. उतार मात्र फुकटचा. खारपाड्याचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना मिठागरं आणि सपाट रस्ता, पण वारा नेमका तोंडावर. पेणला मिसळ खाल्ली. तिथले कारखाने तेव्हा नुकतेच नव्या मूर्तींच्या मातीला लागले होते, आणि रस्त्याच्या कडेला बिनहातांचे, बिनसोंडेचे गणपती वाळत बसले होते. तुम्ही हा रस्ता आज करणार असाल तर वडखळपर्यंतचा हायवे टाळा. ट्रकवाले सायकलला जमेतच धरत नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून सायकल बोटीत घालून मांडव्याला उतरलेलं बरं.

धरमतरच्या पुलाआधी एका झोपडीत चहा घेतला. चहावाली मावशी आप्पांनी सायकलसाठी पँटला लावलेल्या क्लिपांकडे बघत होती.

"तुमी बाप-लेक ना? कुठं निंगालाव?"

"कोर्लईला. लग्नाला."

"मंग एसटी हाय ना! सायकलीवर कोन जातंय लग्नाला?"

"आमच्या आप्पांना आमंत्रणाबद्दल जरा शंका आहे," मी म्हटलं.

मावशीने आप्पांना आणखी अर्धा कप चहा ओतला. "शंका हाय तं जेवून निंगा. मी भात टाकते."

तिथे कोलंबीचं कालवण आणि भात जेवलो. आप्पांनी तीनदा वाढून घेतलं. माणूस काळजीत असला की जेवण जात नाही म्हणतात. आप्पांचं उलट आहे.

पोयनाडनंतर रस्ता वरखाली व्हायला लागतो. कार्लेखिंडीच्या चढावर आप्पा दुसऱ्यांदा उतरले. पहिल्यांदा म्हणाले, चेन वाजतेय. आता म्हणाले, देखावा बघ. देखाव्यात एक बंद पडलेला टेम्पो होता. मी त्यांच्या दुखऱ्या उजव्या गुडघ्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघंही टेम्पो बघत बसलो. खिंडीपलीकडे अलिबागपर्यंत जवळजवळ नुसतं घसरायचं. चिंचा, आंब्याची झाडं, मधूनच एखाद्या वाडीतून येणारा गारवा. त्या उतारावर आप्पा शीळ घालत होते. ते शीळ घालतात हे मला तेव्हा कळलं.

मुक्काम नागावला, सुपारीच्या वाडीतल्या एका घरगुती खोलीत. तेव्हा तिथे रिसॉर्ट वगैरे नव्हती; गाद्या घातलेली खोली आणि विहिरीवर आंघोळ, एवढंच. संध्याकाळी मालकांनी वाडीत पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. जानेवारीत त्या भागात गेलात आणि पोपटी न खाता परत आलात, तर जाऊन उपयोग काय? आप्पा शेंगा सोलता सोलता एकदम म्हणाले, "फ्रान्सिसला बटाटा आवडतो पोपटीतला. शेंगा माझ्याकडे सरकवायचा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शुभे, तो बोललाच नाही तर?" मी माझ्या वाट्याच्या शेंगा त्यांच्याकडे सरकवल्या.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता माझा सगळ्यात आवडता. नागाव, चौल, रेवदंडा, सलग सावली. चौलला रामेश्वराच्या तळ्यावर तोंड धुतलं. रेवदंड्यात रस्ता थेट पोर्तुगीजांच्या तटातूनच आत शिरतो आणि नारळाच्या वाड्यांमधे पडक्या चर्चच्या भिंती दिसायला लागतात. एका उंच मनोऱ्याला लोक सातखणी म्हणतात. तो एका जुन्या चर्चचा उरलेला भाग आहे. आजूबाजूला कोंबड्या आणि वाळत घातलेले कपडे. मला तिथे थांबायचं होतं, पण आप्पा "मुहूर्त चुकेल" म्हणून पुढे. मी म्हटलं, आप्पा, त्यांच्यात मुहूर्त नसतो, वेळ असते. ते म्हणाले, "म्हणजे तर आणखीनच चुकेल."

खाडीवरच्या पुलावरून कोर्लईचा किल्ला समोर येतो, समुद्रात लांब पाय सोडून बसल्यासारखा डोंगर. गावात शिरलो तेव्हा घंटा वाजत होती. इथल्या ख्रिस्ती लोकांची स्वतःची बोली आहे, पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली. गल्लीत बायका त्यातच एकमेकींना हाका मारत लगबगीने निघाल्या होत्या. पांढऱ्या चर्चच्या दारात फ्रान्सिसकाका सूट घालून उभे. त्यांनी आम्हाला बघितलं. आमच्या सायकली बघितल्या.

"आलास?" काका म्हणाले.

"कार्ड आलं होतं," आप्पा म्हणाले.

एवढंच. तेवढ्यात लुसीची गाडी आली आणि काका तिच्याकडे गेले. आप्पांनी सायकल स्टँडवर न लावता भिंतीला टेकवली, हँडल रस्त्याच्या दिशेने वळवून.

आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. सगळं मराठीतच चाललं होतं. फादर प्रार्थना म्हणायचे, मग गायक सूर धरायचे. आता इथे आप्पांबद्दल एक सांगायला हवं. आमच्या नात्यागोत्यात आप्पा उतावीळ म्हणून प्रसिद्ध आहेत. मंगलाष्टकाचं कडवं संपायच्या आत त्यांच्या अक्षता पडलेल्या असतात, आणि मग बाकीचे लोकही गडबडीने टाकतात. फादरांनी वर-वधूला पुढे बोलावलं. गायकांनी एक लांब ओळ घेतली, सूर वर चढवला आणि थांबले. मी बाजूला बघितलं तर सेफ्टी पिन उघडी. हात धरायला उशीर झाला होता.

मूठभर लाल अक्षता चार बाकांवर तडतडल्या. काही पुढच्या आजींच्या डोक्यावरच्या पांढऱ्या ओढणीत अडकल्या. सगळं चर्च मागे वळलं. आप्पा उभे, हात अजून वर, आणि चेहरा असा की मी रडायच्या बेतात.

पहिल्या बाकावरून काका वळले. त्यांनी आप्पांकडे बघितलं, मग त्या हाताकडे. मग त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि परत पुढे वळले. त्यांचे खांदे हलत होते. पुढे शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, तरी खांदे हलायचे थांबेनात.

विधी संपल्यावर काका लुसीच्याही आधी बाहेर आले आणि सरळ आमच्याकडे.

"उरल्यात का?"

आप्पांनी पुडी पुढे केली. काकांनी मूठभर घेतल्या आणि लुसी दारात आल्यावर दोघांनी मिळून टाकल्या. आप्पांनी अर्थातच आधी.

"कारखान्यातल्यांची एवढी लग्नं खाल्ली, दत्तू," काका म्हणाले, "तू एकदाही थांबला नाहीस."

"तू पोस्टाने कार्ड का टाकलंस?" आप्पांनी एकदम विचारलं. "घरी यायचं होतं."

"आलो असतो आणि तू दार लावून घेतलं असतंस तर?" काका म्हणाले. "म्हणून नाही आलो. भीती वाटली मला."

आप्पा खाली बघत होते. "मलाही वाटली. म्हणून सायकलने आलो." आणि त्यांनी हँडल रस्त्याकडे वळवल्याचंही सांगून टाकलं. काका गेले आणि सायकल उचलून आत अंगणात ठेवून आले.

जेवायला पोर्क, मटण, आणि आमच्यासाठी मुद्दाम केलेली वालाची उसळ. आप्पांनी उसळीला हात लावला नाही. आईला हे मी आजतागायत सांगितलेलं नाही, तेव्हा वाचणाऱ्यांनी कृपा करावी.

रात्री काकांकडेच राहिलो, आणि सकाळी आप्पांचा गुडघा भोपळ्याएवढा. पायरी उतरता येईना. लुसीच्या मावशीने एरंडाचं पान बांधलं, एसटी किती वाजता वगैरे चर्चा झाली. काकांनी स्कूटर बाहेर काढली. आप्पांनी स्कूटरकडे बघितलं, मग सायकलकडे, मग माझ्याकडे.

"बस मागे, दत्तू," काका म्हणाले.

आप्पा बसले. पनवेलपर्यंत सगळा रस्ता बसले. दोघं पुढे जायचे, एखाद्या वडाखाली थांबायचे, मी दमून पोचले की आप्पा मागच्या सीटवरून शिकवायचे, "टाच खाली ठेव. चढाआधी वेग घे." कार्लेखिंडीत मी त्यांना सांगितलं की आणखी एक शब्द बोललात तर तुम्हाला टेम्पोजवळ सोडून जाईन. धरमतरच्या मावशीने तिघांना बघितलं आणि काही न विचारता भात टाकला. अंधारून बराच वेळ झाल्यावर आम्ही घरी पोचलो. आईने दार उघडलं, आप्पांना स्कूटरवरून उतरताना बघितलं, आणि ती चहाचं आधण ठेवायला आत गेली.

आप्पांची सायकल कोर्लईलाच राहिली. काकांचा भाचा टेम्पोने आणून देणार होता, पण आप्पा नको म्हणाले. पुढच्या जानेवारीत ते एसटीने तिकडे गेले, चेनला तेल घालायला. मग दर जानेवारीला गेले. तेल घालायला माणसाला चार दिवस लागतात हे आईने कधी बोलून दाखवलं नाही.

आता दोघंही ऐंशीच्या पुढे. आप्पांना प्रवास झेपत नाही, म्हणून मी जाते, जमेल तेव्हा माझ्या गिअरच्या सायकलवर. ती सायकल काकांच्या पडवीत उभी आहे. टायर कधीचे गेले, सीटचं कातडं फाटलं, पण चेन ओली असते. यंदा मी काकांना म्हटलं, एवढी जागा अडते तर घेऊन जाऊ का? ते म्हणाले, "नेलीस तर मग यायला कारण काय सांगशील?" मी ती जागच्या जागी राहू दिली.

परत आले, बूट काढले, तोच आप्पांनी खुर्चीतून विचारलं, "चेनला तेल घातलंस?"

"काकांनी आधीच घातलं होतं."

"जास्त घालतो तो. धूळ धरते," आप्पा म्हणाले, आणि त्याला चांगलं झापायचं म्हणून मला फोन लावायला सांगितला.