लिंबूटिंबूला पुण्यात घर मिळेना

पुण्यात भाड्याचं घर सापडायला वेळ लागतो. किस्से मात्र पहिल्याच रविवारी सापडायला लागतात, आणि तेही डिपॉझिट न भरता! आमच्याकडे इतके साठलेत की पाहुणे आता चहाच्या आधीच म्हणतात, "काळेकाकांचा एखादा होऊन जाऊ द्या."

काळेकाका म्हणजे आमचे एजंट. शोधपथकात ते, मी, माझी बायको मृणाल आणि आमची सात वर्षांची ओवी. आम्ही अकोल्याचे. मला नोकरी लागली खराडीत, मृणालला हिंजवडीत. म्हणजे एक शहराच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. शाळा सुरू होण्याआधी घर मिळालं नाही तर ओवी वर्षभर आजीआजोबांकडे राहील, असं ठरलं होतं. हे आम्ही तिच्यासमोर बोलत नव्हतो, पण तिला माहीत होतं.

पहिल्या दिवशी मी काकांना म्हटलं, दोन्ही ऑफिसांच्या बरोबर मधोमध काहीतरी बघा. काकांनी मोबाईलवर नकाशा उघडला, चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं.

"मधोमध नदी लागते," ते म्हणाले. "चालेल?"

*

हिंजवडीजवळचं घर रविवारी दुपारी बघितलं. रस्ता इतका मोकळा की मृणाल खूश झाली. घरमालक तिथल्याच गावचे. जमिनीवर इमारत उभी राहिली तरी दारात दोन म्हशी राखून असलेले. मी विचारलं, रोज ऑफिसच्या वेळेला रस्ता कसा असतो?

"रस्ता चांगलाच हाय की," ते म्हणाले. "पर त्यो गाड्यांखाली असतोय. दिसत न्हाई."

*

मग कोथरूडच्या एक काकू. घर नीटनेटकं, खाली बाग, शाळा कोपऱ्यावर. मृणालने डोळ्यांनीच मला हो म्हणून टाकलं होतं. काकूंनी ओवीकडे पाहिलं आणि विचारलं, किती वर्षांची? मी सांगितलं, सात.

"अस्सं. मग मोठी झाली की या ना."

*

खराडीच्या टॉवरमध्ये मुलांसाठी इतकी सोय होती की मलाच लहान व्हावंसं वाटलं. रबरी फरशी, तीन घसरगुंड्या, पोहायचा तलाव. संध्याकाळी सहा वाजता तिथे एकही मूल नव्हतं. वॉचमनला विचारलं तेव्हा कळलं, सगळी क्लासला गेलीत. कधी येतात? तर क्लास सुटल्यावर दुसरा क्लास असतो.

ओवी एकटीच तिन्ही घसरगुंड्यांवरून एकेकदा घसरली आणि गाडीत जाऊन बसली. काका म्हणाले, "गर्दी नाही, हा एक फायदा आहे."

*

वाकडच्या सोसायटीत मात्र मुलंच मुलं. लपाछपी रंगली होती. ओवी पळत गेली, त्यांनी घेतलंही. आम्ही वर आरामात घर बघितलं, नळ सोडून पाहिले. खाली आलो तर ही गेटपाशी तोंड पाडून उभी.

"मला लिंबूटिंबू केलं," ती म्हणाली.

लिंबूटिंबू म्हणजे खेळात असून नसलेला भिडू. तो सापडला तरी आऊट होत नाही आणि त्याच्यावर डावही येत नाही. पुण्यातली मुलं डावाला राज्य म्हणतात. अकोल्याच्या गल्लीत हीच सगळ्यांना लिंबूटिंबू करायची, त्यामुळे अपमान फार लागला होता. त्यापुढच्या दोन सोसायट्यांत तेच झालं. पाहुणी म्हणून मुलं प्रेमाने घ्यायची आणि कोणी मोजायचंच नाही.

परत येताना ती मागच्या सीटवरून म्हणाली, "मी आजीकडेच राहते. तुम्ही या सुट्टीत." मृणाल खिडकीबाहेर बघत राहिली. मला त्या दिवशी गाडी चालवताना फार वाईट वाटलं.

*

शेवटी आम्ही हरलो. काकांचे आभार मानून शोध थांबवायचा म्हणून त्यांच्या घरी विश्रांतवाडीला गेलो. त्यांची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, पार्किंग म्हणजे जिथे जागा दिसेल तिथे. जिना चढता चढता काका स्वतःच म्हणाले, असलं घर मी गिऱ्हाइकाला कधी दाखवत नाही, माझं नाव खराब होईल.

ओवीला वर यायचं नव्हतं. खाली मुलं खेळत होती, पण ती त्यांच्याकडे पाठ करून पायरीवर बसली. आम्ही चहा घेतला. वाकडचं घर हातचं घालवलंत, असं काका हळहळत होते. मृणालने विषय काढला, की ओवीला या वर्षी अकोल्यातच ठेवतोय. काकांनी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला.

थोड्या वेळाने निघायचं म्हणून मृणालने गॅलरीतून खाली हाक मारली. मीही जाऊन उभा राहिलो. अंगणात एकही मूल दिसत नव्हतं. फक्त ओवी, एका स्कूटरच्या सीटवर डोळे दाबून मोठमोठ्याने आकडे म्हणत उभी.

"ओवी, चल, उशीर होतोय."

तिने मानसुद्धा वर केली नाही.

"आई, मध्ये बोलू नको. माझ्यावर राज्य आहे."

मृणाल आत आली. खांद्यावरची पर्स काढून खुर्चीवर ठेवली आणि काकांना म्हणाली, "तुमच्या समोरच्या दाराला कुलूप दिसलं. ते घर का नाही दाखवलंत?"