दादाचा पतंग आणि सोलरचा भाव

दादाला जाऊन महिना झाला. हार्ट अटॅक, वय चौतीस. कुकटपल्लीच्या आमच्या कंपनीच्या शेडमध्ये मी आणि सलीमभाई चहा घेऊन बसतो आणि एक किस्सा निघाला की मागून दुसरा येतोच. हसू येतं, मग हसल्याचा राग येतो. आई रोज विचारते, शेड ठेवणार की सोडणार? मी शेडची किल्ली घेऊन निघतो.

*

दादा इंजिनिअर, मी आठवी नापास. पतंगाने वीज करायचं खूळ त्याचं, पतंग उडवायला मी. मोठा पतंग वर जाताना दोर ओढतो, खाली ड्रम फिरतो, वीज होते. मग दोर परत गुंडाळायला मोटर. ती वीजच खाते!

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "दादा, मग उरतं काय?"

"तेच मोजायला कंपनी काढलीय, गाढवा!"

*

सलीमभाईचं अफझलगंजला ताडपत्रीचं दुकान. पतंग तोच शिवायचा. परदेशी दोर महिन्याभरात झिजायचा. नव्या दोराचं बिल बघून तो म्हणाला, "इत्ते में तो मेरी पूरी गली पे सोलर लग जाता, मियाँ! और उसको उडाना भी नक्को!"

दादा दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

*

विमा करणारा आला. "हे लिहू काय? विमान की पतंग?"

"वीजघर," दादा म्हणाला.

"मग जमिनीवर ठेवा ना, स्वस्तात करून देतो!"

*

पुण्याहून एक पैसेवाले साहेब आले. नेमका वारा पडलेला. माळावर दोन तास चहा पाजला. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या शेडमधला कॉम्प्युटर, पंखा कशावर चालतो?"

मी पटकन बोललो, "सोलरवर!"

साहेब हसत गाडीत बसले. दादा माझ्यावर असा ओरडला! तेच शेवटचं. आता ओरड ना.

*

दहाव्याला मुसी नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. मामा म्हणाले, "इच्छा राहिलीय काहीतरी. शब्द द्या."

आई म्हणाली, "धाकट्याला सांभाळीन." नाही.

मी म्हणालो, "कंपनी मी चालवीन." नाही.

सलीमभाई मागून कुजबुजला, "भाव बोल मियाँ, भाव!"

मी हात जोडले. "दादा, आपली वीज सोलरपेक्षा स्वस्त पडली रे!"

कावळा उठला आणि लांब विजेच्या खांबावर जाऊन बसला.

गुरुजी घड्याळ बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "नाही उरत रे! काहीच उरत नाही, दादा!"

कावळा सरळ खाली आला.