आईनं न दिलेला थेंब

माझ्या आईनं दारातून कुणाला रिकाम्या हातानं धाडलं नाही, एकदा सोडून. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला सूज उतरवायचे थेंब दिले होते. ऊस तोडताना शेजारच्या काकांच्या डोळ्याला उसाचं पातं लागलं, तसे ते तडक आमच्याकडं आले. "वैनी, तुमच्या बाटलीतला एक थेंब सोडा की!"

"विरजण मागा, देते. ह्यातलं न्हाई. डॉक्टरला दावा आदी."

काका फणफणतच इस्लामपूरला गेले. डॉक्टर म्हणाले, पात्यानं खरचटलेल्या डोळ्यात ते थेंब गेले असते तर आत बुरशी वाढून डोळा गमवायची पाळी आली असती.

बरं वाटल्यावर काका वाटी घेऊन आले. "वैनी, डोळा ऱ्हायला. आता विरजण द्या."

आईनं वाटी दह्यानं काठोकाठ भरली.