वडाला काळं सूत

लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा आमच्या चाळीमागे डोंगरापर्यंत नुसत्या करवंदांच्या जाळ्या होत्या. बायका द्रोण भरून दारावर विकायला आणायच्या. लोकांना ती खावीशी वाटायची, मला मात्र त्यात रंग दिसायचा. माहेरी आम्ही बहिणी करवंदांच्या रसात बाहुल्यांची लुगडी रंगवायचो ना. अशी सुरेख डाळिंबी व्हायची.

तर माझी पहिली वटपौर्णिमा. पूजेचं सूत सासूबाईंनी महिनाभर टकळीवर स्वतः कातलेलं. गुंडी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "दोघींचं आहे. जपून ठेव." मी कसली जपते. वाटलं, वडाला सगळ्यांचंच पांढरं, आपलं डाळिंबी असलं तर सासूबाई खूश होतील, घरात माझं जरा नाव होईल.

आदल्या दुपारी त्या भजनाला गेल्या आणि मी चार द्रोण करवंदं उकळायला घेतली. रंग पक्का बसावा म्हणून यांच्या दाढीच्या डब्यातली तुरटी अख्खी टाकली. सासूबाईंच्या पितळी पातेल्याला हात लावायची छाती नव्हती, म्हणून घेतली लोखंडी कढई. तिथंच घात झाला. लोखंडात तो रस काळा पडतो हे मला कुठे ठाऊक! काठीने गुंडी वर काढली, तर म्हशीचं शेपूट. चिंच चोळली, साबण लावला, काही उपयोग नाही. वाण्याकडे धावले, तर आदल्या दिवशी सूत कुठलं उरतंय.

सासूबाई आल्या. "हे काय गं?"

"सूत."

"कोणाचं?"

"आपलं."

त्या मटकन पाटावर बसल्या. सवाष्णींनी वडाला काळं बांधायचं, म्हणजे झालंच की. रात्रभर मला वाटत होतं, उद्या माहेरी पाठवणार.

सकाळी वडाखाली गुंडी निघाली आणि शेजारच्या वहिनी म्हणाल्याच, "अगंबाई काकू, काळं?"

सासूबाई फेरा न थांबवता म्हणाल्या, "मुद्दाम केलंय. आमच्या मुलाला फार दृष्ट लागते."

मी मागून खाली मान घालून चालले होते. हसू येत होतं आणि रडूही.

संध्याकाळी त्याच वहिनी विरजण मागायला आल्या. विरजण कसलं, दृष्ट लागण्यासारखं आहे तरी काय ते बघायला आल्या होत्या. हे गंजिफ्रॉकात बसून पंख्याच्या दांड्याने पाठ खाजवत होते. सगळ्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. वहिनींनी बराच वेळ पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "हेच ना?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "सांग तिला, लग्नाआधी चांगला होता."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तेव्हाच लागली असेल दृष्ट."

म्हटलं, आता काही खरं नाही. आत गेले तर सासूबाई शेगडीपाशी पदर तोंडात कोंबून हसत होत्या.