शनिवारी यंत्र बंद

कॉलेजात असताना आमच्या मॅडम एका शिबिरातून डिजिटल स्टोरीटेलिंगचं वेड घेऊन आल्या होत्या. गाव सोडून आलेल्यांना नाहीतर सोडून चाललेल्यांना गाठायचं, त्यांच्याच आवाजात त्यांची गोष्ट रेकॉर्ड करायची, जुने फोटो जोडायचे आणि तीन-चार मिनिटांची फिल्म करायची. माझ्या जोडीला उरणकडची एक कोळ्यांची मुलगी होती. न्हावा शेवा बंदर झालं तेव्हा तिच्या घरच्यांना जुनं गाव सोडावं लागलं होतं. तुझ्याच आजीची गोष्ट घेऊ, असं मी म्हटलं, तर म्हणाली, “आमची आजी नाय बोलायची. कॅमेरा बघून पलते ती.”

मग आम्हाला पनवेलातल्या एक बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आजी मिळाल्या. पती जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा बायकामुलांसह इस्रायलला. तो दिवाळीनंतर येऊन त्यांना कायमचं घेऊन जाणार होता. आम्हाला हवी तशीच गोष्ट होती, म्हणून आम्ही खूश झालो. दुसऱ्याचं घर मोडत असताना खूश व्हायला वयच तसं लागतं.

पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता. मी रेकॉर्डर काढल्याबरोबर आजींनी हात वर केला. आज शब्बाथ, आज घरात गॅससुद्धा पेटत नाही, तुमचं यंत्र कुठून चालणार? उद्या या, म्हणाल्या, पण आता आलाच आहात तर बसा. शुक्रवारी करून थर्मासात भरलेला चहा त्यांनी दिला. तो चहा होता हे त्यांनी सांगितलं म्हणून कळलं.

रविवारी आम्ही वेळेवर हजर. मैत्रीण भेट म्हणून कोलंबी घेऊन आली होती. आजी हसत सुटल्या. खवलं नसलेलं आमच्यात चालत नाही, द्यायचंच तर जिताडा दे, म्हणाल्या. मग तोंडावर पावडर लावून, कडक इस्त्रीची साडी नेसून रेकॉर्डरसमोर बसल्या आणि रेडिओवरच्या बातम्या द्याव्यात तशा बोलायला लागल्या. माझे पती रेल्वेत नोकरीस होते. माझा मुलगा गुणी आहे. मी आनंदाने त्याच्याकडे चालले आहे. मला तर जांभई आली.

पण आम्हाला त्या घराची चटक लागली. रविवारी कामासाठी जायचं आणि शनिवारी नुसतंच. शनिवारच्या आजी वेगळ्याच होत्या. दर आठवड्याला कबरस्तानात जाऊन नवऱ्याशी कशी भांडते, ते त्या साग्रसंगीत सांगायच्या. जिवंतपणी उत्तर द्यायचे नाहीत, आताही देत नाहीत, वर ही तक्रार. आम्ही हसून लोळायचो. असल्याच एका शनिवारी हसता हसता त्या थांबल्या.

“त्यांच्या शेजारची जागा मी बघून ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “मला नाही गं जायचं. तिथे मला कोण कुठे पुरेल?”

मैत्रीण म्हणाली, “आजी, मंग पोराला सांगा ना, नाय यायचं.”

“सांगितलं तर तो ऐकेल. तीच तर भीती आहे. हट्टानं मला इथे राहू देईल आणि तिकडे माझ्या काळजीनं झुरत बसेल. त्याला यातलं काही कळता कामा नये. फिल्ममध्ये मी सांगते तेवढंच ठेवा.”

आम्ही तेवढंच ठेवलं. फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. मॅडमनी आजींच्या स्पष्ट उच्चारांचं कौतुक केलं, तेव्हा मला मॅडमचा राग आला होता. मुलगा आला, फिल्मची सीडी आणि आईला घेऊन गेला. निरोप द्यायला आम्ही गेलो, तर आजी रविवारच्या साडीत होत्या. मुलाच्या देखत आमच्याशी छान हसून बोलल्या. मी घरी येऊन रडले.

दोन वर्षांत आजी गेल्याचं कळलं. त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या मुलाचा मला फोन आला. आईला समुद्रापासून लांब, एका टेकडीवर पुरलं, म्हणाला. मुलांना मराठी येत नाही, तरी आजीचा आवाज म्हणून फिल्म लावतात. शेवटी शेवटी ती फार गप्प झाली होती, असंही सांगितलं. मग जरा अडखळला.

“एक विचारतो. आई मनापासून आली होती ना इकडे?”

मी म्हटलं, “हो. फिल्ममध्ये त्यांनी स्वतःच सांगितलंय की.”

“फिल्म पाठ आहे मला. ती रविवारची आहे,” तो म्हणाला. “तुम्ही शनिवारीही येऊन बसायचात, आई फोनवर सांगायची. शनिवारी काय म्हणायची?”

आजी गेल्या होत्या, त्यांची जागा पनवेलात रिकामी होती, आणि आता कुणी काही बोलून त्यातलं काही बदलणार नव्हतं. मी आवाज जमेल तेवढा सरळ ठेवला.

“शनिवारीही हेच म्हणायच्या,” मी सांगितलं.

तो हळूच म्हणाला, “चांगली मुलगी आहेस तू,” आणि त्यानं फोन ठेवला.